सोमालियाच्या समुद्रावर पहारेकरी उदंड, पण पावती फाडायची कोणी?

चीफ_नेरूळ

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच सूर लागला. "आपल्या नेव्हीने एकदाच सोमालियात घुसून चाच्यांची साफसफाई करून टाकावी, कायमची कटकट जाईल." खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर टाइप करेपर्यंत पाणीकपातीचा मेसेज आला आणि विषय वाहून गेला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

साफसफाईला गेलेल्यांची यादी काही लहान नाही. ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात भारतीय नौदलाची गस्त आहे. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाची 'अटलांटा' मोहीम सुरू झाली, जानेवारी २००९ मध्ये अनेक देशांचं संयुक्त पथक सीटीएफ-१५१ आलं, पाठोपाठ नाटोची 'ओशन शील्ड'. चीन, रशिया, जपान, कोरिया आपापले वेगळे. इतक्या झेंड्यांची लढाऊ जहाजं एका पट्ट्यात फिरत होती, तरी २०११ हे सगळ्यात वाईट वर्ष गेलं. हल्ल्यांचा आकडा दोनशेच्या वर. त्यानंतर तो झपाट्याने खाली आला, त्यात गस्तीइतकाच वाटा जहाजांवर बसवलेल्या बंदुकधारी गार्डांचा आणि काटेरी तारांचा होता. किनाऱ्यावर मात्र फारसं काही बदललं नाही. १४ डिसेंबर २०२३ ला 'रुएन' हे मालवाहू जहाज पळवलं गेलं तेव्हा कळलं की ताप उतरला होता, दुखणं तिथेच होतं.

माझं म्हणणं एवढंच, की पहारा बाहेरून देता येतो, मालकी बाहेरून ठरवता येत नाही. मासेमारीचा परवाना द्यायचा कोणी, बंदराचं भाडं घ्यायचं कोणी, पकडलेला माणूस उभा करायचा कोणत्या कोर्टात? यातल्या एकाही प्रश्नाला सोमालियात सरळ उत्तर नाही.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर त्या देशाचं नौदलही गेलं. किनारा केवढा? सुमारे ३,३०० किलोमीटर, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सगळ्यात लांब. राखणदार नाही म्हटल्यावर परदेशी ट्रॉलर घुसले. कोणी कचराही टाकला. २००४ च्या सुनामीनंतर पुंटलँडच्या (सोमालियाचं ईशान्येकडचं स्वायत्त राज्य) किनाऱ्यावर गंजलेली पिंपं वर आली, त्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने घेतली आहे.

त्यात कागदाचा घोळ. १९७२ च्या जुन्या कायद्यात सोमालियाने थेट २०० सागरी मैल 'आमचा प्रादेशिक समुद्र' म्हणून टाकला होता. जग १२ मैल मानतं. मासळीवर हक्क सांगायला जे अनन्य आर्थिक क्षेत्र लागतं, ते रीतसर जाहीर व्हायला जून २०१४ उजाडला. म्हणजे चाचेगिरीचा सगळा धुमाकूळ होऊन गेल्यावर.

बरं, आता तरी परवाना एका खिडकीवर मिळतो का? डिसेंबर २०१८ मध्ये मोगादिशूच्या केंद्र सरकारने चिनी टूना जहाजांना ३१ परवाने दिले, १० लाख डॉलरच्या आसपास घेऊन. किनाऱ्यापासून २४ मैलांच्या आत यायचं नाही अशी अट. ती अट समुद्रात जाऊन तपासायला केंद्राकडे बोटी कुठे होत्या? तिकडे पुंटलँड स्वतःचे परवाने स्वतः देतं. एकाच ट्रॉलरला पुंटलँडच्या बोसासो बंदरात सलाम आणि मोगादिशूत गुन्हा, असा प्रकार होऊ शकतो. गावातला मच्छीमार काय बघतो? परदेशी बोट आपली जाळी फाडून जाते आणि तिच्याकडे कोणाचा ना कोणाचा शिक्का असतोच.

बंदरांचंही तेच. मोगादिशूचं बंदर २०१४ पासून तुर्की कंपनीकडे. बर्बेरा २०१६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डकडे, ३० वर्षांसाठी, ४४ कोटी २० लाख डॉलरच्या गुंतवणुकीचा करार, आणि तो सोमालीलँडशी, ज्याने १९९१ मध्ये स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं, पण ज्याला मोगादिशू वेगळा देश मानतच नाही. मार्च २०१८ मध्ये सोमालियाच्या संसदेने डीपी वर्ल्डवर देशभर बंदी घातली. संसदेत बाकं वाजली असतील. बर्बेऱ्यातलं काम चालूच राहिलं.

तर सांगा, नेव्हीने घुसून नक्की काय साफ करायचं?

---

पनवेलचा_पाहुणा

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

धक्क्यावरचा

न्हावा-शेव्याला क्लिअरिंगमध्ये आहे, म्हणून बर्बेऱ्यावर माझे दोन आणे.

तिकडचा खरेदीदार प्रत्येक मेलच्या खाली ठसक्यात 'रिपब्लिक ऑफ सोमालीलँड' लिहितो. त्याच्याकडे त्याचा झेंडा, त्याचं चलन, त्याचे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष. पण कागद करायला बसलं की बर्बेऱ्याचा पोर्ट कोड 'एसओ' या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे सोमालिया. सोमालीलँडला आंतरराष्ट्रीय यादीत देशाचा कोडच नाही. ड्रॉपडाउनमध्ये जो देश नाही, त्या देशाला माल कसा पाठवणार? खरेदीदार चिडतो, बँक म्हणते यादीत आहे तेच लिहा, आणि मध्ये आमचा नवा पोरगा दोघांचे फोन घेत बसतो. १९९१ पासूनचं परराष्ट्र धोरण आमच्या टेबलावर एका रकान्यात येऊन अडतं.

चीफसाहेब, चाच्यांपेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांत आम्हाला येमेनच्या हुथी बंडखोरांनी जास्त रडवलं. १९ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' पळवलं, आणि मोठ्या लाइन्सनी तांबडा समुद्र सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. युरोपचा माल दहा-चौदा दिवस उशिरा. जहाज उशिरा म्हणजे रिकामा कंटेनर उशिरा, म्हणजे इथे एक्स्पोर्टर आमच्या नावाने शंख करणार. भाडं वाढलं, वर वॉर रिस्क सरचार्ज. नाशिकच्या द्राक्षवाल्याला बाब-अल-मंदेब, म्हणजे तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड, नकाशात दाखवता येणार नाही कदाचित, पण त्याचा हिशोब त्याला तोंडपाठ आहे.

---

घोडबंदरचा_किल्लेदार

एवढं पाल्हाळ कशाला? संशयित बोट दिसली की उडवायची. चार बोटी बुडाल्या की पाचवी येणार नाही. शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं ते परवाने तपासायला नव्हे.

---

तलावपाळी_वकील

किल्लेदार, महाराजांच्या आरमाराचं एक मोठं काम दस्तकं तपासणं आणि जकात वसूल करणं हेच होतं. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज त्यांचा कर्ताझ (समुद्रात फिरायचा परवाना) विकत होते, त्यांना तोंड द्यायचं तर स्वतःचा परवाना चालवण्याची ताकद हवी. तुमचंच उदाहरण चीफसाहेबांच्या बाजूने जातंय.

आता "उडवा" बद्दल. नोव्हेंबर २००८ मध्ये आयएनएस तबरने एडनच्या आखातात चाच्यांचं 'मदरशिप' बुडवलं. टीव्हीवर दिवसभर जल्लोष. मग समजलं की ती 'एकावत नावा ५' नावाची थाई मासेमारी बोट होती. चाच्यांनी तिचा ताबा घेतला होता, हे खरं. बोटीवरून आधी गोळीबार झाला, हे नौदलाचं म्हणणं. पण तिचे खलाशीही आतच होते, आणि त्यांच्यातला एकच जण समुद्रात तरंगताना सापडला. लांबून दुर्बिणीत बोट दिसते. ती चालवणाऱ्याच्या डोक्याला कोणी बंदूक लावली आहे का, ते दिसत नाही.

पकडलेल्यांचं काय करायचं, हा तर त्याहून कटकटीचा प्रश्न, आणि त्याचा एक अध्याय आपल्या नवी मुंबईत घडला आहे. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत नौदल आणि तटरक्षक दलाने 'प्रांतले १४', 'प्रांतले ११', 'वेगा ५' अशा कारवायांमध्ये एकूण १२० जणांना पकडून मुंबईत आणलं. येलो गेट पोलिसांत गुन्हे, मुक्काम तळोजा जेल. एकट्या 'वेगा ५' वरचे ६१. आणि आपल्याकडे तेव्हा चाचेगिरीचा कायदाच नव्हता! खुनाचा प्रयत्न, शस्त्र कायदा, यूएपीए अशी कलमं जोडून खटले उभे केले. या खटल्यांतला पहिला निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये आला. १५ जणांना सात वर्षं. तोपर्यंत साडेसहा वर्षं त्यांनी आत काढलीच होती.

कायद्याची ही भोकं सरकारला आधीच माहीत होती. १९९९ मध्ये 'अलॉन्ड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने पाठलाग करून पकडलं. जगभर कौतुक झालं. मुंबईच्या सत्र न्यायालयात २००३ ला शिक्षा, २००५ ला उच्च न्यायालयातून सुटका. तरीही स्वतंत्र कायदा यायला डिसेंबर २०२२ लागला, आणि तो अमलात आला फेब्रुवारी २०२३ मध्ये. आता चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, कोणाचा जीव गेला तर फाशीही.

तो वेळेवर आला म्हणायचं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकात्याने ते 'रुएन' अडवलं, सी-१७ विमानातून मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, समुद्रात उतरवले, चाळीस तासांच्या कारवाईनंतर १७ खलाशी सुखरूप आणि ३५ चाचे ताब्यात. कामगिरी अव्वल, वादच नाही. ते ३५ जण २३ मार्चला मुंबईत पोलिसांच्या हवाली झाले. म्हणजे हिंदी महासागरात कोणीही कोणाचंही जहाज पळवलं की वकीलपत्र, दुभाषा, जेलची भाकरी सगळं आपल्याकडे. युरोपवाले बराच काळ पकडलेले लोक केनियाला आणि सेशेल्सला देत आले. स्वतःच्या घरात कोणाला नको असतात.

---

कामोठेकरीण

वकीलताई, तळोजाच्या त्या १२० जणांची किंमत कोणी चुकवली तेही लिहा ना.

'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज चाच्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली. पंधरा भारतीय होते, आठ सोडले आणि सात ठेवून घेतले. का? तर भारताने आमची माणसं पकडली आहेत, ती सोडा. ते सात जण घरी आले २०१४ च्या ऑक्टोबरअखेरीस. खंडणी पोचल्यानंतर साडेतीन वर्षं. माझा नवरा तेव्हा नुकताच कॅडेट म्हणून लागला होता, आणि सासूबाई प्रत्येक बातमीला देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायच्या.

आता तो सेकंड मेट आहे. तिकडून जाणार असेल तेव्हा आधी सांगतच नाही. पलीकडे पोचल्यावर मेसेज येतो, "झालं क्रॉस." मला प्रश्न एकच आहे. त्याने नाही म्हटलं तर चालतं का? की पुढचं कॉन्ट्रॅक्ट गेलं?

---

चीफ_नेरूळ

कामोठेकरीणबाई, नियमाने चालतं. तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनच्या आखाताचा काही भाग २०२४ मध्ये आयबीएफ करारात (खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यातला आंतरराष्ट्रीय करार) 'वॉरलाइक एरिया', म्हणजे युद्धासारखा धोक्याचा भाग, धरला गेला. जहाज त्या करारात असेल तर खलाशाला जायला नकार देता येतो, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं. गेला तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि काही बरंवाईट झालं तर भरपाईही दुप्पट. अडचण अशी की सगळी जहाजं त्या करारात नसतात. त्याच्या कॉन्ट्रॅक्टला कोणता सीबीए (संघटनेशी झालेला सामूहिक करार) जोडलाय ते सही करण्याआधी बघायला सांगा. आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर नियमाने काळी यादी करता येत नाही, पण "सध्या व्हेकन्सी नाही" हे वाक्य बेलापूरच्या प्रत्येक मॅनिंग ऑफिसात पाठ असतं. खोटं कशाला बोलू.

चाचे आणि हुथी यांत आम्हा जहाजावरच्यांना पडणारा फरक सांगतो. चाच्याला तुम्ही जिवंत हवे असता, माल म्हणून. त्यासाठी आम्ही तयारी करायचो. रेलिंगला रेझर वायरची भेंडोळी, फायर होज बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधलेले, दिवसरात्र जादा लुकआउट. जुने बॉयलर सूट चिंध्यांनी भरून, डोक्यावर हेल्मेट घालून मागच्या पूप डेकवर उभे करायचे. रात्री गस्तीला गेलेला आमचा ऑइलर एकदा त्यातल्या एकाला "ए, बिडी आहे का?" विचारून आला होता. आणि शेवटचा आसरा सिटाडेल, म्हणजे आतून बंद करून लपायची मजबूत खोली. आमच्याकडे स्टीअरिंग गिअर रूम. पाण्याचे कॅन, बिस्किटं, बादली, सॅटेलाइट फोन, त्याची अँटेना वेगळी ओढून घेतलेली. सगळे आत गेले, मुंडकी मोजली, मेन इंजिन बंद केलं, की वर चाच्याच्या हाती नुसतं तरंगणारं लोखंड. एक माणूस जरी बाहेर राहिला तरी सगळं फुकट, कारण मग कमांडो गोळी चालवू शकत नाहीत.

ही युक्ती आजही चालते. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' जहाजावरचे २१ जण, त्यात १५ भारतीय, असेच बचावले. आयएनएस चेन्नई पोचली तोवर चाचे पळून गेले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातमधल्या सिक्का बंदराहून डर्बनला निघालेल्या 'हेलास अफ्रोडाइटी' टँकरवर चाचे चढले, २४ जण सिटाडेलमध्ये, स्पॅनिश फ्रिगेट आल्यावर सुटका.

क्षेपणास्त्राला मात्र सिटाडेल कळत नाही. उलट पाण्याच्या पातळीजवळची इंजिनरूम ही सगळ्यात वाईट जागा. मार्च २०२४ मध्ये हुथींच्या क्षेपणास्त्राने 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर तिघे गेले, बाकीच्यांना आयएनएस कोलकात्याने उचललं.

---

करंजेकर

धागा चांगला आहे चीफदादा, पण एक गोष्ट मला पचत नाही. "परदेशी ट्रॉलरनी मासे नेले म्हणून बिचारे मच्छीमार चाचे झाले." ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकतो. मी करंज्याचा. आमच्या समोर रात्री एलईडी दिव्यांनी मासे ओढणारे दिवाळी करतात. केंद्राने २०१७ ला बंदी घातली, तरी उजेड दिसतोच. पर्ससीनवाले (मोठ्या घेराच्या जाळ्यावाले) थवेच्या थवे उचलून नेतात. बंदर आलं, भराव आला, खाडीतली निवटी-खरबी गेली. आम्ही बंदुका घेतल्या का? खंडणीचा पैसा काय होड्यांवाल्यांकडे राहिला? वर्ल्ड बँकेनेच २००५ ते २०१२ मध्ये ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी गेल्याचा अंदाज दिलाय. त्यात बोट, बंदूक, डिझेल, चघळायला 'खात' नावाचा नशेचा पाला हे सगळं उधारीवर देणारे सावकार होते. पोरं मेली, सावकार मोठे झाले. मच्छीमाराच्या नावावर बिल फाडू नका.

आणि दुसरं. जहाजांवर गार्ड ठेवले म्हणून सगळे खूश. २०१० मध्ये जहाज कंपन्यांनी 'हाय रिस्क एरिया', म्हणजे चाच्यांच्या धोक्याच्या क्षेत्राची रेघ सरकवत ७८ रेखांशापर्यंत आणली. नकाशा काढून बघा, आपला अख्खा पश्चिम किनारा त्यात. म्हणजे माझी होडी माझ्याच समुद्रात मोठ्या जहाजाला चाच्याची होडी वाटणार. फेब्रुवारी २०१२ ला 'एनरिका लेक्सी' या टँकरवरच्या इटालियन सैनिकांनी केरळच्या समोर दोन मच्छीमार मारले ते असेच. रेघ मागे ६५ पर्यंत न्यायला डिसेंबर २०१५ उजाडला, आणि ते क्षेत्र पूर्ण उठलं २०२३ च्या १ जानेवारीला. तोवर रात्री मोठं जहाज दिसलं की आमचे तांडेल बॅटरी हलवत, जाळी दाखवत बसायचे. सोमालियात सरकार नाही याची शिक्षा आम्हाला.

---

तलावपाळी_वकील

करंजेकर, सावकारांबद्दल शंभर टक्के सहमत. पण बंदूक का घेतली नाही याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींच्या आसपास भरपाई द्यायचा आदेश काढला. आदेश आणि हातात पडलेला पैसा यांच्यामध्ये किती कोर्ट आणि किती खेटे येतात ते तुम्ही मला शिकवाल. तरी अर्ज कोणाविरुद्ध करायचा हे माहीत होतं. पक्षकार सापडत होते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारात मोर्चा नेता येतो, आमदाराला गाठता येतं. सोमालियातल्या हॉब्योच्या मच्छीमाराने मोर्चा कुठे न्यायचा? मोगादिशूला जायला वाटेत अल-शबाब या दहशतवादी संघटनेची नाकी.

---

करंजेकर

खेट्यांचं विचारू नका ताई. पण मुद्दा पोचला.

---

एमपीएससी_वारकरी

प्रश्न विचारू का? सोमालियाला आपण सगळे नुसता बळी समजून बोलतोय असं वाटतं. पण त्यांचं परराष्ट्र धोरण बघितलं तर कमकुवत देशाच्या मानाने ते बरेच हुशारीने खेळतात. केनियाशी सागरी हद्दीचा वाद होता, सुमारे एक लाख चौरस किलोमीटरचा त्रिकोण, तेल-वायूच्या आशेचा. सोमालियाने २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बहुतांश जिंकला. केनियाने निकाल मानला नाही ते सोडा. तसंच, परदेशी नौदलांना सोमाली पाण्यात शिरायची मुभा देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव २००८ पासून दरवर्षी वाढत होता, तो मार्च २०२२ मध्ये संपला, कारण मोगादिशूला तो आता नको होता. डिसेंबर २०२३ मध्ये शस्त्रबंदी उठवून घेतली, कर्जमाफी मिळवली. मग "सरकारच नाही" म्हणणं कितपत बरोबर?

---

चीफ_नेरूळ

वारकरीबुवा, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. न्यूयॉर्कात, हेगमध्ये सरकार आहे, आणि हुशार वकील लावणारं आहे. बोसासोच्या धक्क्यावर ते नाही, एवढाच माझा मुद्दा. बाहेर देश म्हणून वजन वाढतंय आणि आत घटक राज्यं हातातून निसटतायत. मार्च २०२४ च्या शेवटी पुंटलँडने जाहीर केलं की आम्ही केंद्राला मानत नाही. चाचे जिथून निघतात तो बराचसा किनारा पुंटलँडचा. तिथलं सागरी पोलीस दल उभं केलं अमिरातीच्या पैशाने. त्या शिपायाचा पगार अबूधाबीतून येतो, तर त्याने मोगादिशूचा हुकूम ऐकायचा कशाला?

२०२४ चं एकच वर्ष घ्या. १ जानेवारीला इथिओपिया आणि सोमालीलँड यांचा सामंजस्य करार: किनाऱ्याचा २० किलोमीटरचा तुकडा ५० वर्षं भाड्याने, बदल्यात मान्यतेची आशा. इथिओपिया कोट्यवधी लोकांचा देश, १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यापासून समुद्र नाही, जवळपास सगळा व्यापार जिबूतीमार्गे. त्यांची तगमग समजते. मोगादिशू खवळलं. फेब्रुवारीत तुर्कस्तानशी दहा वर्षांचा संरक्षण करार, समुद्राची राखण करायला मदत. ऑगस्टमध्ये इजिप्तशी लष्करी करार, कारण नाईलच्या धरणावरून इजिप्तचं इथिओपियाशी वाकडं. ऑक्टोबरात तुर्की सर्वेक्षण जहाज 'ओरुच रेइस' तेल शोधायला हजर. डिसेंबरात अंकाऱ्यात एर्दोगाननी इथिओपिया-सोमालियाचा समेट घडवला. हे सगळं सुरू असताना त्याच वर्षाच्या अखेरीस पुंटलँडच्या किनाऱ्यावर एक चिनी मासेमारी जहाज पळवलं गेलं, ते जानेवारी २०२५ मध्ये सुटलं. सोडवायची बोलणी कोणाशी झाली असतील? मोगादिशूशी तर नक्कीच नाही.

---

धक्क्यावरचा

थोडक्यात प्रत्येक बंदराचा वेगळा पाहुणा, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याचा बंदूकवाला.

---

घोडबंदरचा_किल्लेदार

मान्य, उडवणं सोपं नाही. पण मग भारताने करायचं काय? नुसती गस्त घालत डिझेल जाळायचं? तुर्कस्तान तिथे तळ ठोकून बसलाय, चीन २०१७ पासून जिबूतीत. आपण मार्कोसचे व्हिडिओ फॉरवर्ड करतोय.

---

एमपीएससी_वारकरी

दादा, अगदीच तसं नाही. २०१८ पासून हिंदी महासागरातल्या जहाजांची माहिती एकत्र करणारं केंद्र आपल्याकडे चालतं, त्यात अनेक देशांचे अधिकारी बसतात. ते गुरुग्रामला आहे, जिथे समुद्र औषधालाही नाही, पण काम उपयोगी आहे. एप्रिल २०२५ मध्ये टांझानियाबरोबर दार-एस-सलामला आफ्रिकी नौदलांचा मोठा सराव घेतला. सोमालीलँडला आपण मान्यता दिलेली नाही, त्यामुळे मोगादिशूशी बोलायला दार उघडं आहे.

---

चीफ_नेरूळ

किल्लेदार, तळाच्या शर्यतीत उतरू नये असं मला वाटतं. तिथे आधीच गर्दी आहे आणि प्रत्येक नवा तळ एका गटाला दुसऱ्यावर वरचढ करतो. गस्त चालू ठेवावीच, आपली पोरं त्या वाटेने जातात. पण पैसा घालायचाच तर तो गस्ती बोट भेट देण्यापेक्षा कंटाळवाण्या कामात घालावा. परवान्यांची एकच नोंदवही, केंद्राला आणि पुंटलँडला दोघांनाही दिसणारी. परवानाधारक ट्रॉलरवर जागा कळवणारा ट्रान्सपाँडर. मासळी उतरवण्याच्या बंदरावर तपासनीस. २६/११ ला 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी बोटीवरून दहशतवादी आले, त्यानंतर आपण काय केलं आठवा: होड्यांची नोंदणी, रंग, खलाशांना ओळखपत्रं, सागरी पोलीस ठाणी. करंजेकर सांगतील त्यात किती त्रुटी आहेत.

---

करंजेकर

त्रुटी? सागरी पोलिसांची बोट बंद पडली की ओढून आणायला आमचीच होडी लागते. पण नोंदणीचा फायदा झाला हे मान्य. वादळात कोणाची होडी परत आली नाही ते तासाभरात कळतं. सप्टेंबर २०१६ ला शाळेच्या पोरांनी उरणात हत्यारवाले बघितल्याचं सांगितलं, तेव्हा कोणाची होडी बाहेर आहे हे विचारायला पोलीस आधी आमच्याच सोसायटीत आले होते. ते लोक काही सापडले नाहीत, पण विचारायचं कोणाला हे पोलिसांना माहीत होतं.

नोंदवहीची कल्पना चांगली आहे दादा. फक्त तिचं परवाना शुल्क कोणाच्या खात्यात जाणार ते आधी ठरवा. आमच्याकडे डिझेलच्या परताव्यावरून दोन खात्यांत जुंपते, तिथे तर दोन सरकारं आहेत.

---

धक्क्यावरचा

दोन नाही, सोमालीलँड धरून तीन. आणि नोंदवहीत 'देश' असा रकाना असेल तर तो कसा भरायचा ते मला आधी कळवा, सोमवारी बर्बेऱ्याचं बुकिंग आहे.